गृहपाठ नुसता उरकायचा नसेल तर हे करून बघा

बरीच मुलं होमवर्क कसा करतात माहितीये ना, एका बाजूला पुस्तक उघडं, दुसऱ्या बाजूला वही, प्रश्न वाचायचा, धड्यात त्याच्याशी जुळणारी ओळ शोधायची आणि जशीच्या तशी उतरवून काढायची. वीस मिनिटांत काम फत्ते, टीचरचा राईटचा टिक पण मिळतो. दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न तोंडी विचारला की मूल गप्प. मग आपणच म्हणतो की होमवर्कचा काही उपयोग नाही. उपयोग आहे हो, खूप आहे, पण तो उतरवण्यात नाही तर आठवण्यात आहे.

म्हणून सगळ्यात आधी पुस्तक बंद करायला लावा. धडा एकदा वाचू दे, मग पुस्तक मिटून जेवढं आठवेल तेवढं वहीत लिहू दे, अर्धवट आलं तरी चालेल, आणि नंतर पुस्तक उघडून राहिलेलं वेगळ्या रंगाच्या पेनाने भरू दे. सुरुवातीला मुलं जाम वैतागतात कारण डोक्याला ताण पडतो, पण तो ताण पडणं हेच तर हवंय. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजच्या मुलांवर हे तपासलं होतं, काहींनी उतारा दोनदा वाचला, काहींनी एकदा वाचून एकदा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी टेस्ट घेतली तर दोनदा वाचणारे पुढे होते, पण आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात साधारण ५६ टक्के आणि नुसतं वाचणाऱ्यांच्या ४२ टक्के. म्हणजे वाचून झाल्या झाल्या "मला सगळं येतं" असं जे वाटतं ना, त्यावर विश्वास ठेवू नका.

दुसरं म्हणजे सगळा गृहपाठ रविवारी रात्री एकदम नको. एबिंगहाउस नावाच्या जर्मन संशोधकाने १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं की पाठ केलेलं पहिल्या काही तासांतच झपाट्याने विसरायला होतं आणि नंतर विसरण्याचा वेग कमी होतो. त्यामुळे शाळेत शिकवलेलं त्याच संध्याकाळी थोडं, परत दोन-तीन दिवसांनी थोडं, असं केलं तर कमी वेळात जास्त टिकतं. गणितात तर रोजच्या पाच उदाहरणांत एक-दोन मागच्या धड्यातली घुसवाच, नाहीतर मुलाला रीत माहीत असते पण कुठली रीत कधी वापरायची ते कळतच नाही.

आता चुकांचं. समजा मुलाने २/३ + १/४ चं उत्तर ३/७ लिहिलंय. आपला हात लगेच खोडरबराकडे जातो, तो आवरा. विचारा, "हे कसं आलं, मला सांग बरं." ते सांगेल की वर वर बेरीज केली, खाली खाली बेरीज केली. मग एवढंच विचारा, २/३ म्हणजे अर्ध्यापेक्षा जास्त की कमी? जास्त. आणि ३/७? कमी. मग जास्तीत अजून थोडं मिळवलं तर कमी कसं झालं? इथे मूल थांबतं, परत वहीकडे बघतं, आणि छेद सारखे का करायचे हे त्याला खरं तिथे कळतं. ८/१२ आणि ३/१२ करून ११/१२ पर्यंत ते आपलं आपण पोचतं. हे पाच मिनिटांचं बोलणं पानभर गणितं सोडवण्यापेक्षा मोलाचं आहे असं मला मनापासून वाटतं, आणि म्हणूनच आईबाबांनी गृहपाठ स्वतः करून देऊ नये, चूक दिसली की मुलाचा विचार दिसतो, आपण लिहून दिलं की तो झाकला जातो आणि टीचरलाही कळत नाही की मूल कुठे अडलंय.

किती वेळ? अमेरिकेत एक नियम बराच सांगितला जातो, इयत्तेमागे १० मिनिटं, म्हणजे दुसरीला २०, सहावीला तासभर. हॅरिस कूपर या संशोधकाने २००६ मध्ये बऱ्याच अभ्यासांचा आढावा घेतला, त्यात सातवी आणि त्यापुढच्या मुलांमध्ये होमवर्क आणि मार्क यांचा संबंध चांगला दिसला, लहान मुलांमध्ये कमी. त्यामुळे पहिली-दुसरीच्या मुलाला दोन दोन तास बसवू नका प्लीज, त्या वयात गोष्ट वाचून आपल्या शब्दांत सांगणं पुरेसं आहे.

मोबाईल दुसऱ्या खोलीत, टीव्ही बंद, जागा रोज तीच. हे सगळ्यांना माहितीच आहे.

आणि एखादं गणित अर्धा तास डोकं लावूनही सुटलं नाही तर रडारड होईपर्यंत ताणू नका. जिथपर्यंत आलंय तिथपर्यंत तसंच ठेवा आणि खाली मुलाच्याच अक्षरात लिहायला सांगा, "इथपर्यंत जमलं, पुढचं कळलं नाही." उद्या वर्गात टीचरला नेमकं तिथूनच सुरू करता येईल.