प्रकाशिकीच्या प्रात्यक्षिकात या चुका टाळा

नाशिक परिसरातील महाविद्यालयांत भौतिकशास्त्राची पदवी घेणारे विद्यार्थी उपयोजित प्रकाशिकीच्या प्रयोगशाळेत येतात तेव्हा सूत्रे त्यांना पाठ असतात. तरीही सोडियमच्या प्रकाशाची तरंगलांबी ५८९.३ नॅनोमीटर यायच्या ऐवजी कोणाची ११०५ येते, कोणाची २३२, तर कोणाची ६०६. अशा वेळी बरेच जण शेजारच्या जर्नलमध्ये डोकावतात किंवा अपेक्षित उत्तरापासून उलटे गणित करून रीडिंग ‘बसवतात’. या विषयातील सर्वांत घातक चूक मला हीच वाटते, कारण चूक नेमकी कुठे झाली हे त्या आकड्यातच दडलेले असते आणि रीडिंग खोडले की तो पुरावा कायमचा जातो.

११०५ आणि २३२ हे दोन्ही आकडे ग्रेटिंगच्या, म्हणजे अगदी जवळजवळ समांतर रेषा असलेल्या काचपट्टीच्या प्रयोगातले आहेत. ग्रेटिंगवर इंचाला १५,००० रेषा असतील तर दोन रेषांमधील अंतर सुमारे १६९३ नॅनोमीटर भरते आणि पहिल्या क्रमाची (मधल्या प्रतिमेच्या सर्वांत जवळची) पिवळी रेषा त्या प्रतिमेपासून साधारण २०° २२′ वर सापडते. डाव्या आणि उजव्या बाजूच्या रीडिंगची वजाबाकी केल्यावर मात्र याच्या दुप्पट, म्हणजे ४०° ४४′ इतका कोन मिळतो, आणि तो निम्मा न करताच साइन काढली की उत्तर ११०५ येते. जो प्रकाश आपण डोळ्यांनी पाहिला त्याची तरंगलांबी अवरक्त पट्ट्यात येऊच शकत नाही, एवढा विचार केला तरी चूक जागेवर लक्षात येते. इंचाला असलेल्या रेषा सेंटीमीटरला समजून घेतल्या की उत्तर २३२ नॅनोमीटर, म्हणजे अतिनील येते. याही प्रकाशाने डोळ्यांना काही दिसले नसते. याच ग्रेटिंगवर तिसरा क्रम शोधण्यात अर्धा तास घालवणारे विद्यार्थीही मी पाहिले आहेत. तिसऱ्या क्रमासाठी साइनचे मूल्य १.०४ येते, त्यामुळे तो क्रम अस्तित्वातच नसतो, आणि हे गणित स्पेक्ट्रोमीटरची (प्रकाशरेषांचे कोन मोजणाऱ्या उपकरणाची) दुर्बीण फिरवण्याआधी करायचे असते.

डावीकडचा आणि उजवीकडचा कोन सारखा येत नसेल, तर ग्रेटिंग प्रकाशाला काटकोनात बसलेले नाही असे समजावे. ते दोन अंशांनी तिरके राहिले तर वर दिलेल्या उदाहरणात दोन बाजूंमध्ये सुमारे १६ मिनिटांचा फरक पडतो. सरासरी घेतल्याने तो बहुतांशी भरून निघतो, परंतु म्हणून तो जर्नलमधून लपवू नये. शून्य ओलांडताना होणारी चूकही नेहमीची आहे: दुर्बीण ३५५° वरून १२° वर गेली असेल तर ती १७° फिरलेली असते, ३४३° नव्हे. तसेच २०° ४५′ म्हणजे २०.७५ अंश होतात, २०.४५ नव्हेत, मिनिटांना साठने भागायचे असते.

रीडिंग घेण्याआधीची मांडणी हा भाग सर्वांत कंटाळवाणा वाटतो आणि म्हणूनच तो घाईत उरकला जातो. स्पेक्ट्रोमीटरवर बसल्यावर पहिल्यांदा आयपीस (डोळ्याजवळचे भिंग) पुढेमागे करून क्रॉसवायर, म्हणजे दुर्बिणीतील फुलीच्या तारा, स्वतःच्या डोळ्यांना ठळक दिसेल अशी करावी, त्यानंतर लांबच्या झाडावर किंवा पाण्याच्या टाकीवर दुर्बीण जुळवावी आणि शेवटी कोलिमेटरची, म्हणजे प्रकाशकिरण समांतर करणाऱ्या नळीची, फट स्पष्ट करावी. हा क्रम उलटा केला की प्रत्येक पायरी आधीची पायरी बिघडवते. थंडीत सकाळच्या बॅचला धुक्यामुळे लांबची वस्तू दिसत नाही, तेव्हा प्रिझम घेऊन शुस्टरच्या पद्धतीने (लांबच्या वस्तूऐवजी प्रिझममधून दिसणाऱ्या फटीच्या प्रतिमेवरून) जुळवणी करावी; अंदाजाने भागवू नये. जुळवणी झाली की डोळा किंचित डावीउजवीकडे हलवून पाहावा. क्रॉसवायर आणि फटीची प्रतिमा एकमेकींपासून सरकताना दिसल्या, तर पॅरॅलॅक्स शिल्लक आहे आणि मिनिटापर्यंत मोजलेल्या कोनाला काहीच अर्थ नाही. जोडीदाराने जुळवलेल्या दुर्बिणीतून चष्मा काढून रीडिंग घेणाऱ्यांचे नेमके येथेच चुकते.

आता ६०६ या आकड्याकडे येतो. हा न्यूटनच्या कड्यांच्या, म्हणजे सपाट काचेवर बहिर्वक्र भिंग ठेवल्यावर दिसणाऱ्या काळ्या-उजळ वर्तुळांच्या प्रयोगातला आहे आणि त्यामागे बॅकलॅश, म्हणजे स्क्रूमधील ढिलाई आहे. ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोपचा (सरकवून अंतर मोजायच्या सूक्ष्मदर्शकाचा) स्क्रू फिरवण्याची दिशा बदलली की सुरुवातीचा थोडा भाग तो नुसताच फिरतो आणि मायक्रोस्कोप जागचा हलत नाही. भिंगाची वक्रता त्रिज्या १०० सेंटीमीटर असेल तर दहाव्या काळ्या कड्याचा व्यास सुमारे ४.८६ मिलिमीटर आणि विसाव्याचा ६.८७ मिलिमीटर असतो. यातील फक्त विसाव्याचा व्यास ०.०५ मिलिमीटरने जास्त नोंदला गेला, तर तरंगलांबी जवळपास तीन टक्क्यांनी वाढून ६०६ नॅनोमीटर होते. दोन्ही व्यासांत तेवढीच चूक असेल तर ती एका टक्क्याच्याही आत राहते. म्हणून डावीकडच्या विसाव्या कड्याच्याही चारपाच कडी पलीकडे जावे आणि तेथून एकाच दिशेने येत उजवीकडच्या विसाव्या कड्यापर्यंत सर्व रीडिंग घ्यावे. एखादे कडे चुकून ओलांडले गेले तर मागे फिरू नये. ते रीडिंग सोडून द्यावे किंवा सुरुवातीपासून घ्यावे.

परावर्तित प्रकाशात कड्यांच्या मधोमध काळा ठिपका दिसला पाहिजे, कारण हवेच्या थराखालच्या काचेवरून परावर्तन होताना अर्ध्या तरंगलांबीचा फरक पडतो. तेथे उजेड दिसला की विद्यार्थी घाबरतात. भिंग आणि काच यांच्यामध्ये धूळ अडकल्याने भिंग किंचित उचलले गेलेले असते, इतकेच. अशा वेळी दोन्ही पृष्ठभाग स्वच्छ करावेत. पण वेळ नसेल तरी प्रयोग वाया जात नाही, कारण दोन व्यासांच्या वर्गांची वजाबाकी केल्यावर ती फट गणितातून निघून जाते. व्यासाचा वर्ग आणि कड्याचा क्रमांक यांचा आलेख काढण्याचा आग्रह मी याचसाठी धरतो. रेषा सरळ असून आरंभबिंदूतून जात नसेल तर धूळ आहे किंवा कडी मोजण्यात चूक आहे, आणि उतार तरीही विश्वासार्ह आहे. एखादाच बिंदू रेषेबाहेर पडला असेल तर संशय बॅकलॅशवर घ्यावा.

सोडियमचा दिवा लावल्यावर सुरुवातीला दिसणारा लालसर प्रकाश निऑनचा असतो, तेव्हा तो पूर्ण पिवळा होईपर्यंत दहा मिनिटे थांबावे. मध्येच वीज गेली तर दिवा थंड होऊ द्यावा आणि मगच पुन्हा लावावा.

साखरेच्या द्रावणातून जाताना ध्रुवीकृत प्रकाशाचे कंपनप्रतल किती फिरते हे मोजणाऱ्या पोलारिमीटरमध्ये दोन चुका वारंवार होतात. पहिली चूक द्रावणात होते: १०० मिलिलिटर पाण्यात १० ग्रॅम साखर टाकली की द्रावण १०० मिलिलिटरपेक्षा जास्त भरते, म्हणून साखर आधी थोड्या पाण्यात विरघळवावी आणि नंतर एकूण आकारमान १०० मिलिलिटर करावे. दुसरी चूक नळीच्या लांबीत होते, कारण ती सूत्रात डेसिमीटरमध्ये घालायची असते. वरील द्रावण २ डेसिमीटरच्या नळीत घेतले तर प्रतलाचे भ्रमण सुमारे १३.३ अंश येते. सूत्राने काढताना ते १.३३ आले तर साखर किंवा नळी बदलू नये, एकक तपासावे.

निफाड आणि दिंडोरीकडून येणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांच्या घरी प्रकाशिकीचे एक उपकरण आधीच असते, ते म्हणजे द्राक्षांतील साखर पाहण्याचा रिफ्रॅक्टोमीटर. एका विद्यार्थ्याने मला सांगितले की त्याच बागेतील मण्यांचा ब्रिक्स (रसातील साखरेची टक्केवारी) सकाळी एक आणि दुपारी दुसरा येतो, तेव्हा मीटर खराब असावा. मीटर ठीक होता. तापमान वाढले की द्रावणाचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वळवण्याच्या क्षमतेचे माप, कमी होतो, आणि तापमान दुरुस्तीची सोय नसलेल्या मीटरवर २०° सेल्सिअसऐवजी ३०° ला मोजल्यास २० ब्रिक्सच्या आसपासचा रस साधारण पाऊण ब्रिक्सने कमी दिसतो. त्याला मी तीन गोष्टी करायला सांगितल्या: ऊर्ध्वपातित पाण्यावर शून्य लावून घ्यावे, रस प्रिझमवर पसरल्यावर तो काचेच्या तापमानाला येईपर्यंत अर्धा मिनिट थांबावे आणि प्रत्येक रीडिंगशेजारी तापमान लिहावे. पुढच्या आठवड्यात तो आठ दिवसांची वही घेऊन आला आणि त्यातील दुपारच्या रीडिंगमध्ये तापमानाची दुरुस्ती मिळवल्यावर ती सकाळच्या रीडिंगशी जुळली.