मोर्चाला जाताय? दोन प्रती घ्या

आर्थिक विषमतेविरुद्धच्या मुंबईतल्या मोर्चाला निघताना पाणी, टोपी, चार्ज केलेला फोन घ्या, हे सांगायला नको. चपला नको, बूट घाला. गर्दीत चपलेचा अंगठा तुटतोच. गोळ्या चालू असतील तर दुपारचा डोस खिशात.

आता मुद्द्याचं. निवेदनाच्या दोन प्रती घ्या. एक साहेबांना द्यायची, दुसरीवर शिक्का, तारीख, सही आणि आवक क्रमांक घेऊन ती आपल्याकडे ठेवायची. याला पोच म्हणतात. गेल्या वेळी आम्ही एकच प्रत नेली. साहेबांनी ती हसून घेतली, चहा पाजला, फोटोही काढू दिला. दोन महिन्यांनी चौकशीला गेलो तर टेबलावरचा माणूस विचारतो, "कुठलं निवेदन?" फोटो दाखवला तर म्हणाला, यात कागद दिसतोय, मजकूर कुठे दिसतोय. खरंच होतं त्याचं.

तर दोन प्रती. झेरॉक्स आदल्या रात्रीच काढा, सकाळी फोर्टात दुकान शोधत फिरू नका.

निवेदनात काय लिहायचं? 'आर्थिक विषमता दूर करा' असं मुळीच लिहू नका. वर्ल्ड इनइक्वॅलिटी लॅबच्या अभ्यासाप्रमाणे २०२२-२३ मध्ये देशातली ४०.१ टक्के संपत्ती वरच्या एक टक्का लोकांकडे होती. हा आकडा फलकावर लिहा, मोठ्या अक्षरात लिहा. पण निवेदनात तेवढंच असेल तर ते कुठल्या खात्याकडे पाठवायचं हे कारकुनाला कळत नाही, आणि न कळलेला कागद तो खालीच सरकवतो. त्यापेक्षा असं लिहा: अन्न सुरक्षा कायद्याखालच्या धान्यासाठी शहरी कुटुंबाला वर्षाला ५९,००० रुपयांची उत्पन्नमर्यादा ठरवली, ती वाढवा. महिन्याला पाच हजारसुद्धा होत नाहीत. मुंबईत एवढ्यात खोलीचं भाडं भागत नाही, आणि त्याच्या वर कमावणारा म्हणे सुस्थितीतला! एक निवेदन, एक मागणी, एक खातं. किमान वेतनाचं असेल तर कामगार आयुक्तांच्या नावे वेगळा कागद. त्याच्याही दोन प्रती.

पत्रकावर 'मंत्रालयावर धडक' छापलेलं असलं तरी धडक आझाद मैदानातच थांबते. उच्च न्यायालयाच्या १९९७ च्या आदेशापासून हे असंच आहे. पुढे चार-पाच जणांचं शिष्टमंडळ तेवढं जातं. ते कोण, हे आधी ठरवा. मैदानात ठरवायला बसलात की प्रत्येक संघटनेचा माणूस उभा राहतो. प्रत्येकाकडे मूळ ओळखपत्र हवं. त्यातल्या एकाला बोलायचं काम देऊच नका. त्याने फक्त पोच घ्यायची. बोलणारे भरपूर मिळतात. आणि वार बघा: २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे, शनिवारी शिक्का मारायला कुणी नसतं. पाच वाजता पोचलात तरी टेबल रिकामं सापडण्याची शक्यता धरा.

ज्यांचा खाडा पडतो त्यांच्यासाठी वर्गणी आधी काढा. विषमतेचा मोर्चा आणि धुणंभांडी करणाऱ्या बाया नाहीत, नाका कामगार नाही, नुसते आपण पगारी रजेवाले, हे मला तरी बघवत नाही. बायकांना थाळी-लाटणं आणायचं तर जरूर आणू द्या. मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकरांच्या महागाईविरोधी मोर्चांपासून मुंबईला तो आवाज ओळखीचा आहे.

परवानगीच्या पत्राचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, वेळ आणि अटी वाचा. स्वच्छतागृह स्टेशनवरच उरका. भाषणं लांबतात, सावली धरा.

"साहेबांनी तोंडी शब्द दिलाय" असं कुणी माइकवरून सांगितलं तर टाळ्या वाजवू नका. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून चालत आलेले शेतकरी लेखी आश्वासन घेऊनच मैदानातून उठले होते. आपल्याला तेवढं मिळणार नाही, निदान पोच तरी.

निघताना कचरा उचला. पोचेचा फोटो ग्रुपवर, मूळ कागद एकाच माणसाकडे, प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये. महिनाभर वाट पाहा. मग आवक क्रमांक घालून माहिती अधिकाराचा अर्ज, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. ३० दिवसांत उत्तर नाही तर पहिलं अपील. त्या अर्जाच्याही दोन प्रती.