जपानी रॉकच्या डिस्क गोव्यात मागवताना आणि जपताना
व्हिज्युअल केई, म्हणजे भडक मेकअप आणि वेशभूषेच्या जपानी रॉक शैलीतल्या बँडच्या कॉन्सर्टची डिस्क मागवण्याआधी रीजन बघा, म्हणजे ती कोणत्या भागातल्या प्लेअरवर चालेल ते ठरवणारा कोड. जपानी डीव्हीडी रीजन २ ची, भारतातले प्लेअर ५ चे. ब्लू-रेला जपान ए, भारत सी. जुळलं नाही तर डिस्क लागतच नाही. सीडीला ही अडचण नाही.

खरं जपायचं ते ओबी, म्हणजे कव्हरच्या कडेवरची कागदी पट्टी. ती फाटली की संग्राहकांच्या लेखी किंमत उतरते. म्हापसा असो वा मडगाव, जूनपासून भिंतींना ओल येते, कागदावर बुरशीचे ठिपके उठतात. सीडी प्लास्टिकच्या पाकिटात घालून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, सोबत निळ्या सिलिका जेलच्या पुड्या. दाणे गुलाबी झाले की बदला. डबा भिंतीला टेकवू नका.

ऑनलाइन कॉन्सर्ट असेल तर टोकियोचे संध्याकाळचे ७ म्हणजे आपले दुपारचे ३.३०.