पीएच.डी.चा विषय आपल्याच कपाटात शोधा

एम.लिब. (ग्रंथालयशास्त्राची पदव्युत्तर पदवी) झालं, नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा निघाली, कॉलेजात ग्रंथपाल म्हणून नोकरी लागली, की लवकरच कुणीतरी विचारतं, "मग पीएच.डी.चं काय?" सिनॉप्सिसची, म्हणजे संशोधनाच्या आराखड्याची, घाई सुरू होते आणि घाईत एकच साचा हाती लागतो: अमुक जिल्ह्यातल्या महाविद्यालयीन ग्रंथालयांचा चिकित्सक अभ्यास. शोधगंगेवर, म्हणजे भारतातल्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर, चाळून बघा. जिल्हा बदलतो, प्रश्नावली तीच राहते आणि निष्कर्षही तेच: निधी अपुरा, कर्मचारी कमी, वाचकांना प्रशिक्षण हवं. सगळं खरं आहे. पण एखाद्या जुन्या ग्रंथपालासोबत चहा घेतला असता तरी हे कळलं असतं.

माझा विषय मला देवघेव काउंटरवर मिळाला. पुस्तक कपाटात दिसतंय आणि ओपॅक, म्हणजे ग्रंथालयाची ऑनलाइन सूची, म्हणतेय, नाही. असं वारंवार व्हायला लागलं तेव्हा मी कोहा या ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरमधल्या मराठी नोंदी उघडून बघू लागले. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी जुने अनुस्वार गेले, पण त्याआधीच्या पुस्तकांच्या मुखपृष्ठावर 'कांहीं', 'नांव', 'गांव' असंच छापलेलं. तालिकाकारानं, म्हणजे पुस्तकांच्या नोंदी करणाऱ्यानं, नियमाप्रमाणे जसंच्या तसं उतरवलं. आजचा विद्यार्थी 'काही' टंकतो, त्याला पुस्तक मिळत नाही. मार्क-२१ या नोंदींच्या प्रमाण आराखड्यात पर्यायी शीर्षकासाठी २४६ क्रमांकाचं क्षेत्र आहे; ते भरायला कुणाला वेळ असतो?

दुसरी गोम आणखी बारीक. 'शेतकऱ्याचा' यातला अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे टंकता येतो: ऱ ला हलन्त देऊन, किंवा साध्या र ला हलन्त आणि पुढे एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. संगणकाच्या लेखी मात्र ते दोन वेगळे शब्द. नोंदी दोन वेगवेगळ्या कीबोर्डांवरून झालेल्या असल्या, की झालाच गोंधळ.

लेखकांच्या नावांची तर गंमतच. राम गणेश गडकरी कवितेत गोविंदाग्रज, विनोदी लेखनात बाळकराम. तिन्ही नावांना बांधणारी प्रमाणित नोंद नसेल तर एकच माणूस तीन ठिकाणी विखुरतो. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ मधल्या मराठी ग्रंथांची सूची केली, ती संगणकाशिवाय. असं काम पुढे नेण्याजोगे विषय प्रत्येक जुन्या ग्रंथालयात पडून आहेत.

संख्यात्मक अभ्यासाला माझा विरोध नाही. कोणता लेखक किती लिहितो याचा लोटकाचा नियम १९२६ चा, एका विषयाचे लेख नियतकालिकांत कसे विखुरतात याचा ब्रॅडफर्डचा १९३४ चा, दोन्ही शिकावेतच. पण स्कोपस या शोधनिबंधांच्या सूचीवरून माहिती उतरवायची, व्हीओएसव्ह्यूअर या आलेख काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकायची आणि रंगीत जाळ्यांची चित्रं छापायची, याला मी संशोधन म्हणायला कचरते. आपली बहुतेक मराठी नियतकालिकं त्या स्कोपसमध्ये नाहीतच. त्यापेक्षा ओपनरिफाइन हे माहिती साफ करणारं सॉफ्टवेअर शिका. फुकट आहे, आणि हजारो नोंदींतली विसंगती त्यात चटकन दिसते.

प्रवेशाचं थोडक्यात. २०२४ पासून नेटचे गुण पीएच.डी. प्रवेशालाही चालतात, पण जेआरएफ (संशोधन शिष्यवृत्ती) मिळाली नसेल तर प्रवेशासाठी ते एकच वर्ष ग्राह्य असतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२२ च्या नियमावलीप्रमाणे किमान तीन वर्षं आणि किमान बारा क्रेडिटचं कोर्सवर्क. प्रबंधाआधी शोधनिबंध छापलाच पाहिजे ही सक्ती त्याच नियमावलीनं काढली. विद्यापीठाचा स्वतःचा नियम मात्र विचारून घ्या. मान्य नियतकालिकांची यूजीसी-केअर यादीही फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली, त्यामुळे नियतकालिक पारखण्याची जबाबदारी आता आपलीच. व्हॉट्सॲपवर "तीन दिवसांत प्रकाशन" म्हणणाऱ्यांना सरळ ब्लॉक करा. १९५४ पासून निघणारं ग्रंथालयशास्त्राचं नियतकालिक 'ॲनल्स' आधी वाचायला घ्या, त्याचे जुने अंक सगळ्यांना खुले आहेत.

गाईड निवडताना त्यांच्या नावापेक्षा त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांना किती वर्षं लागली ते विचारा. आणि प्रबंध मराठीत लिहिणार असाल तर पहिल्या पानापासून युनिकोडमध्येच टंका. जुन्या फॉन्टमध्ये टंकलेले कितीतरी प्रबंध शोधगंगेवर दिसायला छान दिसतात, पण त्यांत एखादा शब्द शोधायला गेलं की हाती येते ती रोमन अक्षरांची भेळ.