रक्तसाक्षीचे चरित्र कसे पारखावे

रक्तसाक्षी म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेसाठी ठार मारले गेलेले संत. त्यांच्या जुन्या चरित्रात खरे किती, हे तपासायला बसाल तेव्हा कथा तूर्त बाजूला ठेवा. आधी दोनच गोष्टी टिपा: स्मरणदिन (मृत्यूची तारीख) कोणता आणि कबर कुठे. ख्रिस्ती मंडळी दरवर्षी त्याच दिवशी कबरीपाशी जमत. म्हणून दिवस आणि जागा टिकली. वर्षाची आठवण मात्र लवकर पुसली जाई. रोमच्या रक्तसाक्षींसाठी ‘३५४चा क्रोनोग्राफ’ या रोमन संग्रहातली स्मरणदिनांची छोटी यादी आधी बघा. संत लॉरेन्स तिच्यात आहेत: स्मरणदिन १० ऑगस्ट, कबर रोमच्या तिबुर्तिना रस्त्यावर. संत सिसिलिया नाहीत. यादी अपुरी आहे. नाव नाही म्हणजे व्यक्ती झालीच नाही असे ठरवू नका, पुढची तपासणी तेवढी कडक करा.

मग राज्य कोणाचे ते जुळवा. रोमन सम्राट देशियसच्या आज्ञेने झालेला ख्रिस्ती लोकांचा छळ २४९-५०चा, व्हॅलेरियनचा २५७पासूनचा, डायोक्लेशियनचा ३०३पासूनचा. २६० ते ३०३ बहुतेक शांतता होती. संत कॅथरिनच्या कथेच्या अनेक पाठांत इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात न्याय करतो रोमन सम्राट माक्सेन्टियस. इजिप्त त्याच्या ताब्यात कधीच नव्हता.

शिक्षाही तपासा. लॉरेन्सना लोखंडी जाळीवर भाजले, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. पण २५८च्या ऑगस्टमध्येच कार्थेजचे बिशप सिप्रियन पत्रात कळवतात की बिशप, प्रेस्बिटर (धर्मगुरू) व डीकन (त्यांचे साहाय्यक सेवक) यांना तत्काळ ठार करण्याचा हुकूम आहे आणि पोप सिक्स्टस ६ तारखेला मारले गेले. लॉरेन्स डीकन होते. एवढ्या तातडीत लांबलेला छळ बसत नाही, आणि जाळीचा उल्लेख शंभराहून अधिक वर्षांनी, संत अँब्रोज यांच्या लिखाणात येतो. दिवस व कबर पक्की धरा, जाळी शंकास्पद.

खटल्याचे संवाद वाचताना १७ जुलै १८०चा, उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजमधला, सिलियम गावच्या रक्तसाक्षींच्या खटल्याचा वृत्तान्त शेजारी ठेवा. प्रश्न, उत्तर, निकाल, संपले. न्यायाधीश थयथयाट करतोय, संत पानभर प्रवचन देताहेत, एकामागून एक यातना होऊनही मरण येत नाही, असा मजकूर बहुधा उत्तरकालीन असतो.

नवशिके इथे एक चूक हमखास करतात: चमत्कार दिसला की मजकूर बाद. २०३मधल्या कार्थेजच्या रक्तसाक्षी पर्पेतुआच्या तुरुंगातल्या लिखाणात दृष्टान्तच (ईश्वरी दर्शनेच) दृष्टान्त आहेत, तरी बहुतेक अभ्यासक ते तिचेच मानतात, आणि त्याइतका जिवंत पुरावा त्या काळातून क्वचितच मिळतो. उलट चमत्कार नसलेला मजकूरही बनावट असू शकतो.

मूळ पाठ शोधायला बोलांडिस्ट मंडळींचे (संतचरित्रे संपादणाऱ्या जेझुइट अभ्यासकांचे) ‘आक्ता सांक्तोरुम’ वापरा. १६४३पासून निघालेले हे खंड तारखेनुसार लावले आहेत, म्हणून स्मरणदिन आधी हवा. मालिका १० नोव्हेंबरला थांबते. २२ नोव्हेंबरच्या सिसिलियांसाठी दुसरीकडे जावे लागेल.