चिप्स चॅलेंज: चाहत्यांच्या लेव्हल्स खेळताना आणि रचताना या चुका टाळा

चक सॉमरव्हिल यांनी 'चिप्स चॅलेंज' हा कोड्यांचा गेम लिहिला तो 1989 साली, अटारी लिंक्स या हातात मावणाऱ्या यंत्रासाठी. बहुतेकांना आठवतो तो मात्र 1992 चा, मायक्रोसॉफ्टच्या विंडोज एन्टरटेनमेंट पॅकमधला. आज हा गेम जिवंत आहे तो चाहत्यांनी रचलेल्या लेव्हल्समुळे. 'ही लेव्हल सुटतच नाही' अशी कुरकुर ऐकू येते तेव्हा बऱ्याचदा लेव्हलमध्ये खोट नसते, ती भलत्याच नियमांवर चालवलेली असते.

आधी किरकोळ गोष्टी. विंडोजची जुनी आवृत्ती 16-बिट आहे. 64-बिट विंडोजवर ती सरळ उघडत नाही, कम्पॅटिबिलिटी मोडशी कितीही झटापट केली तरी. त्याऐवजी हाच गेम चालवणारा टाइल वर्ल्ड हा मोफत, ओपन सोर्स प्रोग्रॅम घ्या. काही इन्स्टॉल करायचं नसेल तर लेक्सीज लॅबरिंथ ब्राउझरमध्येच चालतो. मूळ लेव्हल्सचे हक्क राखीव आहेत. त्यामुळे चाहत्यांनी 2014 मध्ये सीसीएलपी1 (चिप्स चॅलेंज लेव्हल पॅक 1) हा 149 लेव्हल्सचा मोफत संच काढला. नवख्याने तिथूनच सुरुवात करावी. नावांतल्या आकड्यांवर मात्र जाऊ नका: सीसीएलपी2 हा 2002 चा, म्हणजे आधीचा, आणि चांगलाच अवघड.

आता मुख्य चूक. लिंक्स आणि मायक्रोसॉफ्ट या दोन आवृत्त्या दिसायला सारख्या, पण आतून वेगळ्या. मायक्रोसॉफ्टच्या नियमांत प्रत्येक लेव्हलसोबत राक्षसांची यादी असते. यादीत नाव नसेल तर राक्षस जागचा हलत नाही, आणि कोण आधी हलणार हेही ती यादीच ठरवते. लिंक्समध्ये अशी यादी नाही, सगळेच हलतात. समजा, रचणाऱ्याने एखादा किडा मुद्दाम यादीबाहेर ठेवून त्याचा अडसर केला आहे. तीच लेव्हल लिंक्स नियमांवर उघडली की किडा फिरायला लागतो आणि कोडं मोडतं. म्हणून टाइल वर्ल्डमधली त्या संचाची डॅक (.dac) फाइल उघडून बघा. साधा मजकूर असतो: एका ओळीत लेव्हल्सच्या डॅट (.dat) फाइलचं नाव, दुसऱ्या ओळीत नियमसंच, एमएस (मायक्रोसॉफ्ट) किंवा लिंक्स. संचासोबतच्या रीडमीत, म्हणजे माहितीच्या फाइलमध्ये, काय सांगितलंय ते वाचा आणि तेच तिथे लिहा. (रीडमी न वाचता डिलीट करणाऱ्यांना काय म्हणावं!) लिनक्सवर संच टाइल वर्ल्डच्या यादीत दिसतच नसेल तर स्पेलिंग तपासा. फाइलचं नाव कॅपिटल अक्षरांत आणि डॅकमध्ये स्मॉल, एवढ्यानेही ती सापडत नाही.

रचणाऱ्यांच्या चुका वेगळ्या. 32 बाय 32 चौकटींचा पट मिळाला म्हणून तो सगळा भरायलाच हवा असं नाही. ब्लॉब हा राक्षस कुठेही कसाही सरकतो. अरुंद वाटेत पाच-सहा ब्लॉब सोडले की ते कोडं राहत नाही, नशिबाचा खेळ होतो. खऱ्या आणि खोट्या निळ्या भिंती दिसायला एकसारख्या. लांबलचक लेव्हलच्या शेवटी त्यातली एक निवडायला लावणं हा निव्वळ छळ आहे. किल्ल्यांचा हिशेबही नीट करा: लाल, निळी आणि पिवळी किल्ली एका दारात संपते, हिरवी संपत नाही. एक पिवळी किल्ली जास्तीची राहिली तर खेळणारा तुमचं सगळं कोडं वळसा घालून निघून जाईल. या पळवाटा स्वतःच्या डोळ्यांना दिसत नाहीत, लेव्हल दुसऱ्याकडून खेळवून घ्या.

संच एकदा बाहेर पडला की त्याच नावाने गुपचूप दुरुस्ती करू नका. लोकांनी जपलेल्या उत्तरांत चालींची नोंद असते. एक ठोकळा सरकवलात तरी ती उत्तरं फुकट जातात आणि जुने विक्रम पडताळता येत नाहीत. नवी आवृत्ती नव्या नावाने काढा, काय बदललं ते रीडमीत लिहा, आणि तुमच्या लेव्हल्स इतरांनी पुढच्या संचांत घेतल्या तर चालेल का, तेही तिथेच सांगून टाका.

कंपनीच सगळं सांभाळेल या भरवशावरही राहू नका. 'चिप्स चॅलेंज 2' तयार होऊनही हक्कांच्या गुंत्यात दहा वर्षांहून जास्त काळ अडकला आणि 2015 मध्ये स्टीम या गेम्सच्या ऑनलाइन दुकानात आला. मधल्या काळात नव्या लेव्हल्स दिल्या त्या चाहत्यांनीच: आधी सीसीएलपी2, मग 2010 मध्ये सीसीएलपी3.