एका फुंकीत दोन सूर: दुहेरी ओकारिना आणि जोडबासऱ्या

दुहेरी ओकारिना (दोन पोकळ कप्प्यांचं, बहुधा मातीचं फुंकवाद्य) घेताना रंग, माती, नक्षी हे सगळं मागाहून बघायचं. आधी विक्रेत्याला एकच विचारायचं: दोन्ही कप्पे एकाच आवाक्यात वाजतात, की पहिला संपला की दुसरा सुरू होतो? उत्तर गोलमोल आलं तर दोन कप्प्यांवर एकाच वेळी वाजवलेलं ध्वनिमुद्रण मागा. तेही नसेल तर पुढे चला.

मी इतका आग्रह धरतो, कारण दोन-तीन कप्प्यांच्या बऱ्याच ओकारिना एकत्र सुरांसाठी केलेल्याच नसतात. ओकारिना ही बंद पोकळी. बासरीत फुंक वाढवली की सूर वरच्या सप्तकात जातो. इथे तो नुसता चढत जातो आणि शेवटी फाटतो. म्हणून एका कप्प्यात दीड सप्तकाच्या आसपास सूर मावतात. त्यापुढच्या सुरांसाठी कारागीर शेजारी दुसरा, तिसरा कप्पा जोडतो. अशा वाद्यात दोन सूर एकदम काढता येतात खरे, पण कामाच्या जोड्या थोड्याच. तुम्हाला हवी ती ‘हार्मनी’ जातीची: एका हाताला एक कप्पा, दुसऱ्याला दुसरा, आणि दोघांचा आवाका एकमेकांवर येणारा.

एका हाताच्या बोटांत किती सूर निघणार, अशी शंका येते. पुरेसे निघतात. पोकळीत भोक कुठे आहे याला फारसं महत्त्व नसतं. एकूण किती क्षेत्रफळ उघडं आहे त्यावर सूर ठरतो. इटलीतल्या बुद्रिओ गावच्या ज्युसेप्पे दोनातीने 1853 च्या सुमारास आजच्या ओकारिनाचं रूप बसवलं, त्यात दहा भोकं होती. पण 1960 च्या दशकात जॉन टेलर या इंग्रजाने वेगवेगळ्या मापांची फक्त चार भोकं आलटूनपालटून उघडून अख्खं सप्तक काढलं. हार्मनी ओकारिनाला तीच युक्ती उपयोगी पडते.

नळीच्या वाद्यांकडे ओढा असेल तर दोन जाती आहेत. एकीत एक नळी नुसता सूर धरते, दुसरी गाते. राजस्थान, पंजाब, सिंधकडचा अलगोजा आणि सतारा यांत हा प्रकार भेटतो. उत्तर अमेरिकेतल्या मूलनिवासींच्या बासरीवरून केलेल्या आजच्या जोडबासऱ्याही बहुधा अशाच. दुसरीत दोन्ही नळ्यांना भोकं असतात. बाल्कन प्रदेशातली द्वोयनित्से या जातीची, एकाच लाकडात कोरलेली. नवशिक्याने पहिली जात घ्यावी. तिच्यात दुसऱ्या हाताची कटकट नाही आणि पहिल्या दिवसापासून कानाला काहीतरी बरं ऐकू येतं.

पैसे घालण्याआधी आपल्याला हे झेपतं का, ते पाहायची एक स्वस्त वाट आहे. एकाच बनावटीचे दोन सोप्रानो रेकॉर्डर (टोकाला फुंकायच्या छोट्या पाश्चात्त्य बासऱ्या) घ्या. दोन्ही ओठांत धरा, खालची टोकं मांड्यांवर टेकवा आणि प्रत्येक हात आपापल्या रेकॉर्डरच्या वरच्या तीन भोकांवर व मागच्या अंगठ्याच्या भोकावर ठेवा. पाश्चात्त्य सुरांच्या नावांत, अंगठा आणि तिन्ही बोटं बंद केली की जी, तिसरं बोट उचललं की ए, अंगठा आणि पहिलंच बोट ठेवलं की बी, अंगठा आणि मधलं बोट म्हणजे सी, आणि एकटं मधलं म्हणजे डी. जीला सा धरला की सा रे ग म प, प्रत्येक हाताला पाच सूर. दिसायला हे ध्यान विचित्रच, घरच्यांनी हसून घेऊ द्या. पण दोन आठवडे करून मजा वाटली तर वाद्य खुशाल घ्या.

आता शिकण्याकडे. सगळे बोटांच्या मागे लागतात, आणि इथे बोटं दुय्यम आहेत. फुंक एक आणि खाणारे दोन, ही खरी अडचण. ओकारिनाच्या खालच्या सुरांना हलकी फुंक लागते, वरच्यांना जोरकस. एका कप्प्यात खालचा आणि दुसऱ्यात वरचा सूर एकदम वाजवला तर एक चढा लागतो किंवा दुसरा उतरतो. म्हणून सुरुवात जवळच्या सुरांपासून.

दोन्ही कप्प्यांत एकच सूर लावा. आवाज लाटेसारखा वर-खाली डोलला तर सूर जुळलेले नाहीत. डोल जितका सावकाश तितके सूर जवळ: सेकंदाला 880 आणि 883 कंपनांचे दोन सूर सेकंदाला तीन वेळा डोलतील. चढ्या सुराच्या एका उघड्या भोकावर बोट किंचित पुढे सरकवा, डोल मंदावत थांबेल. रोज पहिली काही मिनिटं एवढंच. ट्यूनर (सूर मोजणारं यंत्र) दोन सूर एकदम आले की गोंधळतो. त्याला दाखवायचंच असेल तर एका कप्प्याच्या फुंकेच्या वाटेवर कागदी चिकटपट्टी लावा आणि नेहमीच्याच जोराने फुंका.

मग डाव्या हातात सा धरून उजव्याने भूप: सा रे ग प ध. पंचमावर पोचलात की एक गंमत ऐका. 880 चा सा आणि 1320 चा प एकत्र लागले की 440 चा तिसरा सूर कानात घुमतो. तो वाद्यातून येत नाही, दोन सुरांच्या फरकातून कानात तयार होतो. गंधाराला हीच कसोटी कडक होते. शुद्ध गंधार 1100 चा, फरक 220, म्हणजे आपलाच सा दोन सप्तकं खाली. पण बहुतेक ओकारिना पियानोच्या सुरांत लावलेल्या असतात, तिथे गंधार 1109 च्या जवळ पडतो आणि खालून 229 ची बेसूर घरघर येते. फुंक कमी करून गंधार उतरवायला गेलात तर साही उतरतो! त्यामुळे गंधार बोटानेच उतरवायचा: उघड्या भोकाची कड बोटाने थोडी झाकायची. मला विचाराल तर दुहेरी वाद्याचा निम्मा रियाज हाच आहे.

जिभेचंही तसंच. बासरीवर सूर जिभेने तोडायची सवय असते. इथे जीभ मारली की दोन्ही सूर तुटतात, धरलेला सासुद्धा. एकाच बाजूला तोच सूर पुन्हा हवा असेल तर त्या हाताचं एक बोट झटकन उचलून टेकवा. मध्ये क्षणभर वरचा सूर येतो आणि कानाला दोन ठोके वाटतात. जीभ फक्त ओळीच्या सुरुवातीला. अलगोजावाले गालात हवा साठवून नाकाने श्वास घेतात, म्हणून त्यांचा सूर तुटतच नाही. ते शिकायला वेळ लागतो. तोवर गाण्यासारखं ओळीच्या शेवटी श्वास घ्या.

पुढे तिसऱ्या सुराच्या अंतराने दोन्ही हात एकाच दिशेने चालवा (सा-ग, रे-म, ग-प), त्यानंतर एक चढता आणि एक उतरता. हे उलट चालणं मला आजही अवघड जातं, पण एका फुंकीला दोन माणसं बोलतायत असं खरं तिथेच वाटतं.

वाजवता वाजवता एकच बाजू घोगरी झाली तर वाद्य बिघडलं असं समजू नका. दोन फुंकवाटा वेगवेगळ्या ओल्या होतात आणि अरुंद असेल ती आधी तुंबते. कागदाची पातळ पट्टी आत सरकवून ओल टिपून घ्या. तार किंवा पिन मुळीच नको; फुंकवाटेच्या धारेला ओरखडा गेला तर ती बाजू पुन्हा नीट बोलत नाही. वाद्य गार असेल तर आधी दोन मिनिटं हातात धरा, ओल कमी साठते.